प्लास्टर निघालं, पण एक्स-रेत रेघ दिसते. हाड खरंच जुळलंय का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: आई ६२ वर्षांची. अंगणात पाय घसरून पडली आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं, त्यालाही आता आठवडा झाला. डॉक्टर म्हणाले, 'हाड जुळलंय, हात वापरायला लागा.' पण एक्स-रेत रेघ अजून दिसते, मनगटावर उंचवटा राहिलाय, आणि आई हात छातीशी धरून बसून असते. 'जुळलंय' म्हणजे आत नेमकं काय झालंय, आणि हात वापरला तर तिथंच पुन्हा मोडेल का?

आधी उत्तर सांगते, कारण नंतर. हाड जुळणं वेगळं आणि पक्कं होणं वेगळं. तुमच्या आईचं जुळलंय. पक्कं व्हायला अजून महिने जातील, आणि हात गळ्यात बांधून ठेवला तर ते काम होणार नाही. डॉक्टरांनी सांगितलं ते बरोबर आहे.

मी सोलापुरात फिजिओथेरपी करते, २२ वर्षं झाली. 'मॅडम, हाड जुळलंय की ओ, मग दुखतंय कशाला?' हे मी आठवड्यातून दोन-तीनदा तरी ऐकते. आमचं घर पूर्व भागातलं, वडील मागावर आणि आई कांड्या भरायची. त्यामुळे हाडाबद्दल बोलताना माझ्या तोंडी मागाची भाषा येते. खरं तर हाडाच्या शास्त्रातही ती आहे, ते पुढे येईलच.

हाड म्हणजे वाळलेलं लाकूड असं बहुतेकांच्या मनात असतं. मोडलं की चिकटवायचं, चिकटलं की विषय संपला. म्हणून माझ्या खोलीच्या खिडकीत मी एक काचेची बरणी ठेवलीय. तिच्यात कोंबडीच्या तंगडीचं हाड व्हिनेगरमध्ये बुडवलेलं असतं. दोन-तीन दिवसांनी व्हिनेगर बदलायचं. आठवडा-दहा दिवसांत त्यातला कॅल्शियमचा क्षार निघून जातो. मग ते हाड धुऊन मी पेशंटच्या हातात देते. लांबी तीच, टोकं तशीच, पण वाकवलं की रबरासारखं वाकतं. शेजारच्या वाटीत दुसरं हाड असतं, विस्तवात भाजून पांढरं केलेलं. आकार तोही जसाच्या तसा, पण चिमटीत दाबलं की खडूसारखा भुगा होतो. पहिल्यात फक्त कोलॅजन नावाचं प्रथिन उरलंय, दुसऱ्यात फक्त क्षार. आपल्या हाडाच्या वजनात सुमारे ६० ते ६५ टक्के हा क्षार, २० ते २५ टक्के कोलॅजन आणि थोडी इतर प्रथिनं, उरलेलं पाणी. कोलॅजनमुळे हाड ताण सोसतं, क्षारामुळे दाब सोसतं. एकट्याने दोघांतलं कुणीच कामाचं नाही.

बरणीत दिसत नाहीत त्या पेशी, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्यापाशीच आहे. तीन नावं पुरे. ऑस्टिओक्लास्ट हाड खाते. ऑस्टिओब्लास्ट हाड घडवते. ऑस्टिओसाइट हाडाच्या आत बसून दोघींवर नजर ठेवते.

ऑस्टिओक्लास्ट ही रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या घराण्यातली. कित्येक पेशी एकमेकींत मिसळून एक मोठी, अनेक केंद्रकांची पेशी बनते. ती हाडाला घट्ट चिकटते, कडा बंद करते आणि खाली आम्ल सोडते. क्षार विरघळतो, म्हणजे माझ्या बरणीत होतं तेच. मग उघड्या पडलेल्या कोलॅजनला ती एन्झाइमने कापून काढते. मागोमाग ऑस्टिओब्लास्ट येतात, खड्ड्यात नव्या कोलॅजनचे थर घालतात आणि त्यात क्षार बसवतात. हे करता करता काही ऑस्टिओब्लास्ट आपल्याच बांधकामात अडकतात. अडकलेल्या पेशी मरत नाहीत. त्या ऑस्टिओसाइट बनतात आणि कधीकधी कित्येक वर्षं तिथंच जगतात. हाडातल्या दहातल्या नऊ पेशी याच.

विहिरीचं काम पाहिलंय का कधी? पुढे खणणारे, मागे आतून गोलाकार दगड लावत येणारे, आणि मध्ये मोकळी जागा. आपल्या हाडाच्या कठीण भागात हुबेहूब हेच चालतं. पुढे ऑस्टिओक्लास्ट बोगदा पाडतात, मागून ऑस्टिओब्लास्ट भिंतीवर थरावर थर चढवत येतात, आणि मधल्या मोकळ्या नळीतून रक्तवाहिनी जाते. मोठ्या माणसाच्या सांगाड्यातलं साधारण १० टक्के हाड दर वर्षी असं नवं होतं. यालाच रिमॉडेलिंग म्हणतात. एकाच जागी खणायला दोन-तीन आठवडे पुरतात, पण भरायला तीन-चार महिने लागतात. हे आकडे लक्षात असू द्या, आईच्या वयाबद्दल बोलताना पुन्हा लागतील.

'हाड खाणारी ती पेशी बंदच करायचं औषध नाही का?' असं पुष्कळजण विचारतात. ती मुळातच बिघडलेली असेल असा एक दुर्मीळ जन्मजात आजार आहे, त्याला संगमरवरी हाडांचा आजार म्हणतात. एक्स-रेत अशी हाडं पांढरीशुभ्र, भरगच्च दिसतात आणि तरी पटकन मोडतात. जुनं, थकलेलं हाड कुणी काढलंच नाही तर ते साचत जातं. मोडणारी पेशी हाडाची वैरीण नव्हे.

आता तुमच्या आईच्या मनगटाकडे येऊ.

पडल्या क्षणी तिथं रक्त साकळलं. ती गाठ निरुपयोगी नसते, दुरुस्ती तिथूनच सुरू होते. पहिल्या आठवड्यात सूज, ठणका, आणि तुटके तुकडे साफ करणाऱ्या पेशींची गर्दी. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून दोन टोकांमध्ये मऊ सांधा धरतो, त्यात कूर्चा असते, कानाच्या पाळीच्या वरच्या भागात असते तशी. मग त्यात हळूहळू क्षार भरतो आणि साधारण सहा आठवड्यांच्या सुमारास नवं हाड धरलेलं असतं. डॉक्टर दाबून बघतात, दुखत नाही, हलत नाही, म्हणून म्हणतात 'जुळलं'.

पण हे पहिलं हाड घाईतलं असतं. शास्त्रात त्याला वोव्हन बोन म्हणतात, म्हणजे विणलेलं हाड. नाव ऐकून आमच्या भागातल्या माणसाला वाटेल, वा, जकार्डची चादर! प्रत्यक्षात त्यात कोलॅजनचे धागे कसेही पडलेले असतात, गुंता झालेल्या सुतासारखे. भोक बुजवायला तेवढं पुरतं. खरं विणकाम नंतर होतं. ऑस्टिओक्लास्ट हा गुंता थोडा थोडा काढत जातात आणि ऑस्टिओब्लास्ट त्या जागी थरांचं हाड घालतात. प्रत्येक थरात धागे एका दिशेने, शेजारच्या थरात वेगळ्या दिशेने. हे काम कित्येक महिने चालतं, कधीकधी वर्षांवर जातं. आई आत्ता या कामाच्या अगदी सुरुवातीला आहे.

म्हणून रेघ दिसते. एक्स-रेत दिसतो तो क्षार, आणि नव्या हाडात तो अजून कमी आहे. सातव्या आठवड्याला रेघ दिसण्यात घाबरण्यासारखं काही नाही. डॉक्टर रेघ आणि हात दोन्ही बघून ठरवतात, नुसता फोटो बघून ठरवत नाहीत.

उंचवट्याचं मात्र मी हात बघितल्याशिवाय ठाम सांगणार नाही. मांडीच्या किंवा नडगीच्या मधल्या भागात हाड जुळताना बाहेरून मोठी गाठ येते. मनगटाजवळचं हाड आतून स्पंजसारखं असतं, तिथं पृष्ठभाग भरपूर, रक्त भरपूर, त्यामुळे ते लवकर आणि बाहेर फारसा फुगवटा न येता जुळतं. करंगळीच्या बाजूला हाडाचं टोक वर आल्यासारखं वाटत असेल, तर बहुतेक वेळा कारण असं असतं की अंगठ्याकडचं मोडलेलं हाड दाबलं जाऊन किंचित आखूड झालंय, आणि शेजारचं, न मोडलेलं हाड आता उठून दिसतंय. या वयात हात त्यासकट चांगला चालतो.

हे मनगटाचं मोडणं इतकं नेहमीचं आहे की त्याला स्वतःचं नाव आहे, कॉलिस फ्रॅक्चर. डब्लिनच्या अब्राहम कॉलिस या शल्यविशारदाने १८१४ साली त्याचं वर्णन केलं. एक्स-रेचा शोध लागला १८९५ साली. म्हणजे या माणसाने नुसत्या बोटांनी चाचपून, हाताच्या वाकड्या आकारावरून हाड कुठे आणि कसं मोडलंय ते ओळखलं होतं. मला हे वाचलं तेव्हापासून हात लावून तपासण्याबद्दल फार आदर वाटतो.

हाड कसं मोडलंय यावरून कोणत्या जोराने मोडलंय ते कळतं. सरळ फटका बसला की आडवं मोडतं. पाय अडकून शरीर फिरलं की जिन्यासारखी गोल रेघ पडते. हायवेवर मोटारसायकल घसरली की नडगीचे तुकडे तुकडे होतात, आणि हाड कातडी फाडून बाहेर आलं तर ते उघडं फ्रॅक्चर. अशा जखमेवर हळद भरू नका. स्वच्छ कापड झाकून लगेच दवाखाना गाठा, तिथं अँटिबायोटिकचं इंजेक्शन जितक्या लवकर मिळेल तितकं चांगलं. लहान मुलाचं हाड कडुलिंबाच्या ओल्या फांदीसारखं एका बाजूने चिरतं आणि दुसऱ्या बाजूने वाकतं. मुलांच्या हाडातला थोडाफार बाक वाढीबरोबर सरळही होतो, पीळ मात्र राहून जातो. म्हणून 'पोराचं हाड काय, आपोआप जुळतंय' म्हणून घट्ट कामट्या बांधून घरी ठेवू नये. फार आवळलेल्या पट्टीने हाताचं रक्त अडून बोटं कायमची आखडलेली मी पाहिली आहेत, आणि त्यावर नंतर व्यायामाने फार काही करता येत नाही.

एक प्रकार न पडताच होतो. पोलीस भरतीच्या तयारीची मुलं माझ्याकडे येतात. महिनाभर आधी अचानक १६०० मीटरचा सराव सुरू केलेला, तोही डांबरी रस्त्यावर, रोज. नडगीत एका बोटाएवढ्या जागी दुखतं. एक्स-रे काढला तर पहिले दोन-तीन आठवडे स्वच्छ दिसतो, म्हणून मुलं पळत राहतात. इथं खणणं सुरू झालेलं असतं आणि भरायला वेळच मिळालेला नसतो. वर सांगितलं ना, खणायला आठवडे आणि भरायला महिने. विश्रांती दिली तर हाड स्वतः भरून घेतं, नाही दिली तर एक दिवस आरपार जातं.

मग आईने हात का वापरायचा? ऑस्टिओसाइटसाठी. या पेशींना बारीक फांद्या असतात आणि त्या शेजारणींपर्यंत पोचलेल्या असतात. हाडावर भार पडला की आतलं द्रव किंचित सरकतं, ते यांना जाणवतं. भार पडतोय म्हटल्यावर त्या बांधणाऱ्या पेशींवरचा लगाम सैल करतात. भार पडलाच नाही तर लगाम आवळतात आणि खाणाऱ्या पेशींना बोलावतात. भारानुसार हाड स्वतःला घडवतं हे जर्मन शल्यविशारद यूलिउस वोल्फ यांनी १८९२ साली मांडलं होतं. अंतराळात वजनच जाणवत नाही, तिथं अंतराळवीरांच्या खुब्याचं हाड महिन्याला एक ते दीड टक्क्याने कमी होतं. ते रोज व्यायाम करतात म्हणून बरं. छातीशी धरलेल्या हातालाही हाड तशीच वागणूक देतं.

सुरुवात सोपी ठेवा. दिवसातून चार-पाच वेळा मूठ पूर्ण मिटायची, पूर्ण उघडायची. कोमट पाण्यात हात ठेवून मनगट वर-खाली, आणि तळवा आकाशाकडे, जमिनीकडे. खांदा विसरू नका, छातीशी हात धरून धरून तो आखडतो आणि नंतर मनगटापेक्षा जास्त छळतो. मग मऊ कणीक मळणं, ओला रुमाल पिळणं. भाकरी थापायची घाई नको. थापताना तळवा मागे जाऊन त्यावर भार येतो, ती हालचाल सगळ्यात शेवटी परत येते. माझ्याकडच्या बायकांना मी आधी न दुखता ओट्यावर तळवा टेकवून उभं राहायला सांगते, ते जमलं की भाकरी. भरलेली बादली डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय नाही. व्यायामानंतर थोडं दुखलं आणि अर्ध्या-पाऊण तासात उतरलं तर ठीक. हात सुजून चकचकीत झाला, रंग बदलला, आग आग होतेय, नुसता पदर लागला तरी सहन होत नाही, असं काही दिसलं तर थांबू नका, लगेच दाखवा. अंगठा वर उचलता येतो ना हेही रोज बघा. या फ्रॅक्चरनंतर काही आठवड्यांनी, दुखत नसतानाही, अंगठा उचलणारी स्नायूची दोरी (टेंडन) घासून तुटू शकते.

तिथंच पुन्हा मोडेल का, असं तुम्ही विचारलंय. पूर्ण पक्कं झालेलं हाड नेमकं त्याच जागी सहसा मोडत नाही. मला काळजी दुसऱ्या जागांची वाटते.

माझी स्वतःची आई ५८ वर्षांची असताना असंच मनगटावर पडली. हाड सुंदर जुळलं, मीच व्यायाम करून घेतले, तीन महिन्यांत ती पुन्हा भाकऱ्या करायला लागली. पण उभ्या जागेवरून पडून हाड मोडलंच का, हे तिच्या डॉक्टरांनी विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही. मला विचारायला हवं होतं. तीन वर्षांनी घागर उचलताना तिच्या पाठीत कळ आली. उसण भरली म्हणून आम्ही बाम चोळला, गरम पाण्याची पिशवी दिली. काही महिन्यांनी ती म्हणाली, 'साडी लांब व्हायला लागलीय गं, निऱ्या पायात येतात.' साडी तीच होती. तिची उंची कमी झाली होती. एक्स-रेत पाठीचे दोन मणके पुढून चेपलेले निघाले.

पाळी जाते तेव्हा इस्ट्रोजेन कमी होतं. खाणाऱ्या पेशींना आवर घालणारं तेच असतं. मग खणणं वाढतं आणि भरणं मागे पडतं. पहिली पाच-दहा वर्षं हे वेगात होतं, आणि सगळ्यात आधी झीज दिसते ती स्पंजसारख्या हाडात: मनगट आणि मणके. खुब्याची पाळी नंतर येते. म्हणून साठीच्या आसपास, साध्या पडण्याने मोडलेलं मनगट म्हणजे पुढच्याची सूचना समजून कामाला लागायचं.

आईची डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी करून घ्या, कमरेचे मणके आणि खुबा दोन्हींची. त्यात टी-स्कोअर नावाचा आकडा येतो, तो उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार. रक्तातलं ड जीवनसत्त्वही बघा. सोलापुरात उन्हाची कमी नाही, पण डोक्यावर पदर, हातभर बाह्या आणि दुपारभर घरात, तर ते ऊन कातडीपर्यंत पोचत नाही. सकाळच्या कोवळ्या उन्हात ते फारसं बनत नाही, काचेआडून तर जवळजवळ नाहीच. माझी आई आयुष्यभर कांड्या भरत घरात बसली, तिचं फार कमी निघालं.

पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. आपली ज्वारी चांगली, पण १०० ग्रॅम ज्वारीत ते ३० मिलिग्रॅमसुद्धा नसतं. नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असतं, एका पेल्या दुधात सुमारे ३००. तीळ भरपूर देतात, संक्रांतीपुरते ठेवू नका. आणि मला न राहवून विचारावंसं वाटतं: आई मिश्री लावते का? लावत असेल तर आजपासून बंद. तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात, हाड जुळायला उशीर होतो आणि एकूणच ठिसूळ होतं. घरातली माणसं हे डॉक्टरांना सांगत नाहीत, कारण कुणी विचारत नाही आणि बायका त्याला तंबाखू समजतच नाहीत.

औषध लागलं तर ते डॉक्टर ठरवतील. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी दिली, तर ती उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅबचं इंजेक्शन सुरू केलं, तर 'आता बरं वाटतंय' म्हणून मनाने बंद करू नका. ते अचानक थांबलं की दाबून ठेवलेल्या खाणाऱ्या पेशी एकदम उठतात आणि मणके चेपू शकतात. माझ्या आईची गोळी सुरू होऊन बरीच वर्षं झाली. त्यानंतर ती एकदा न्हाणीघरात घसरली, हाड मोडलं नाही. आता तिथं भिंतीला दांडा बसवलाय. तुमच्या अंगणात ती जिथं घसरली तिथलं शेवाळ तेवढं या आठवड्यात घासून काढा, आणि डेक्साचा रिपोर्ट आला की मणक्याचा आणि खुब्याचा आकडा वेगवेगळा लिहून कळवा.